दीड वाजता गाडी वळवायची

नावन या आमच्या गावातल्या मराठी मंडळींना मी डोंगरात गाडी घेऊन जाते याचं कौतुक कमी आणि हसूच जास्त येतं. "डोंगर? आयर्लंडमध्ये? अगं, सिंहगडावर भजी खाऊन उतरेपर्यंत तुझा डोंगर संपेल की!" असं एकाने भर दिवाळीच्या कार्यक्रमात म्हटलं होतं आणि सगळे हसले होते. खरं आहे. मेयो काउंटीतला माझा डोंगर उंचीने सिंहगडाच्या निम्म्यालाही पोचत नाही. पण सिंहगडाच्या पायथ्याशी अटलांटिक महासागर नाही. इथे समुद्रावरून निघालेला ढग वाटेत कुणाला न विचारता थेट डोंगराच्या अंगावर येतो. खाली ऊन असतं, बाया कपडे वाळत घालत असतात, आणि वर तुम्हाला स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसत नाही.

तेव्हा ज्यांना हसायचं त्यांनी हसावं. २०१७च्या जूनमध्ये त्या डोंगराच्या खांद्यापर्यंत, म्हणजे माथ्याखालच्या टप्प्यापर्यंत, मी चार चाकं नेली आणि परत आणली. हे मी मिरवणार आहे. कसं केलं तेही सांगणार आहे, आणि त्यासाठी आधी माझी फजिती सांगावी लागेल.

आधीची फजिती

ग्रँड कॅनाल डॉकच्या आमच्या ऑफिसात माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. दुसऱ्यांच्या चुका शोधून मी पोट भरते. २०१६मध्ये मी एक जुनी जपानी फोर-बाय-फोर घेतली, तेव्हा नवऱ्याने, प्रसादने, एवढंच विचारलं, "हिला चालवणार कुठे?" प्रश्न रास्त होता. या देशात मोकळा डोंगर दिसला की घातली गाडी, असं चालत नाही. उजाड दिसणाऱ्या माळालाही मालक असतो, आणि मालक नसला तर वाटेकरी असतात. आपल्याकडच्या गायरानासारखं. विचारून जायचं, फाटक उघडं असेल तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर बंद करायचं, आणि परत येताना मालकाकडे चहा प्यायचा. चहा न पिता निघालात तर पुढच्या वेळी परवानगी मागायला तोंड राहत नाही.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा मामा मेयोत मेंढ्या पाळतो असं कळलं. मायकल त्याचं नाव, वय पंच्याहत्तरीला आलेलं. डोंगरावरच्या कुरणात त्याचा वाटा, आणि पीट, म्हणजे जळणाची काळी माती, वरून खाली आणायला पूर्वी ट्रॅक्टर जायचे ती जुनी वाट तिथे अजून शिल्लक. मी त्याला फोन केला, तो "ग्रँड" म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत "चालेल", आणि मी तयारीला लागले.

माझी तयारी म्हणजे तक्ता. तीन हवामान ॲप, तासातासाचा वारा, ढगांची उंची, पावसाची शक्यता. ठीक तो रकाना हिरवा, वाईट तो लाल. ऑक्टोबरातला एक शनिवार असा हिरवागार निघाला की पाहून डोळे निवले. आणि त्या दिवशी हवा खरोखरच लख्ख होती. एकाही ॲपची चूक नव्हती.

चूक माझी होती, आणि ती फक्त सह्याद्रीत गाडी शिकलेलं माणूसच करेल अशी होती. मला गाडी शिकवली आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. पाटबंधारे खात्यात जीपचालक म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली. धरणाच्या साहेबांना घेऊन पाटण, कोयना, जावळीच्या खोऱ्यांत भर आषाढात ते जीप घालायचे. त्यांचा एकच मंत्र होता: चिखलाखाली मुरूम असतोच. चाक फिरलं तर फिरू दे, चिखल फेकू दे, ॲक्सिलरेटर सोडू नको. वरचा लगदा उडाला की चाक मुरमाला लागतं आणि गाडी आपोआप बाहेर येते. मी पंचवीस वर्षं हाच मंत्र मानला होता आणि तो कधीही खोटा ठरला नव्हता.

मायकलच्या डोंगरावर ओल दिसली, चाक फिरलं, मी मंत्र आठवला आणि पाय दाबला. चाकं चिखल फेकत राहिली आणि गाडी खाली जात राहिली. मुरूम आलाच नाही. दारं उघडेनात तेव्हा मी खिडकीतून बाहेर पडले.

मायकल ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी लावली, गाडी ओढून काढली. मला वाटलं आता घरी गेल्यावर ऐकवेल. घरी गेल्यावर त्याने मला चुलीपाशी बसवलं आणि म्हणाला, "तू पहिली नाहीस. मागे एक वन खात्याचा माणूसही तिथेच रुतला होता. सहा फुटी, आणि त्याला पोहायलाही येत नव्हतं."

मग त्याने भिंतीतलं प्रेस उघडलं. कपाटाला इकडे प्रेस म्हणतात. आत वह्या होत्या. रोज सकाळी नऊ वाजता अंगणातल्या पर्जन्यमापकात किती पाऊस पडला त्याची नोंद, कित्येक वर्षांची. त्याने आधीच्या दहा दिवसांवर बोट ठेवलं. नऊ दिवस पाऊस.

"तू पुढचा पाऊस बघितलास," तो म्हणाला. "पडून गेलेला कुणी बघायचा?"

पीट म्हणजे हजारो वर्षं कुजलेलं गवत आणि शेवाळ, पाणी धरून बसलेलं. वरती मुळांची एक जाळी असते, दुधावरच्या सायीसारखी. ती न फाडता हळूच गेलात तर ती तुम्हाला तोलते. चाक फिरवलंत की फाटते, आणि खाली धरून ठेवायला काहीच नसतं. त्या दिवसापासून माझ्या तक्त्यात पहिला रकाना मागच्या दहा दिवसांचा झाला. तो मायकल भरायचा. दर शुक्रवारी त्याचा मेसेज यायचा, नुसते आकडे. त्या हिवाळ्यात जमीन गोठलेली असताना मी दोनदा अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन आले आणि दोन्ही वेळा वाटेवर ओरखडा उठला नाही.

मायकलचा फोन

फेब्रुवारीत मायकल गोठ्यात पडला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आला, पण डोंगर चढणं बंद आणि चारचाकी बाइकवर बसायलाही डॉक्टरांनी मनाई केली. मे महिन्याच्या शेवटी त्याचा फोन आला. या लोकांना काही मागायचं असलं की आधी हवा, मग कुणाचं लग्न, मग कुणाचं मरण, असं करत करत ते येतात. मायकलने हवेचंही नाव काढलं नाही.

"तुझी गाडी माझ्यासाठी आणशील का?"

गोष्ट अशी होती. डोंगराच्या खांद्यावर त्याच्या वडिलांनी रचलेली दगडी भिंत आहे. तिच्या पलीकडे सरळ कडा. हिवाळ्यातल्या वादळात ती भिंत पडली असं शेजारी सांगत होते. भिंत नसेल तर मेंढ्या वर सोडता येणार नाहीत, आणि वर सोडता आल्या नाहीत तर खालच्या दोन शेतांवर तेवढा कळप जगणार नाही. त्याची बायको ब्रीडा म्हणत होती, विकून टाक. जूनच्या पहिल्या सोमवारी इथे सुट्टी असते. मंगळवारी सकाळी व्यापारी लॉरी घेऊन येणार, असं ठरून गेलं होतं.

"मी स्वतः बघितल्याशिवाय विकणार नाही," मायकल म्हणाला. "पडली असेल तर पडली. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकून नाही."

मी हो म्हटलं. मग घरात सांगितलं. आबा तेव्हा दोन महिन्यांसाठी गावाहून आमच्याकडे आले होते आणि नावनच्या घरात बसून कंटाळले होते. ऐकताच ते उठून उभे राहिले. "म्या येतू. डोंगरात गाडी घालायची म्हंजी दुसरा डायवर लागतूच."

शनिवार

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पोचलो होतो. शनिवारी सकाळी डोंगर नव्हताच. घरामागे जिथे तो असायचा तिथे राखाडी भिंत होती आणि बारीक पाऊस लागला होता. मी तक्ता उघडून लाल केला आणि ब्रीडाने तव्यावर सॉसेज टाकले. आबांसाठी तिने अंडी केली. आबा शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा बरोबर घेऊनच हिंडतात. त्यांनी ब्रीडाच्या ब्राउन ब्रेडला लोणी लावून वर ठेचा पसरला, एक घास खाल्ला आणि म्हणाले, "भाकरीचीच भैन हाय की ही." मी भाषांतर केलं. ब्रीडाने लगेच ठेचा मागितला, खाल्ला, आणि दोन ग्लास दूध प्याली.

घरातली चूल पीटवर चालते. विटेसारखे काळे तुकडे, वास गोवऱ्यांच्या जवळचा. आबा एक तुकडा हातात घेऊन बराच वेळ फिरवत होते.

"ही काय हाय?"

"जमीन आहे आबा. खणून काढतात, वाळवतात आणि जाळतात."

"जमीनच जाळत्यात?" त्यांनी तो तुकडा परत ठेवला. "मग हुभं कशावर ऱ्हात्यात?"

दुपारपर्यंत पाऊस थांबला, पण ढग उठला नाही. आबांना हातावर हात ठेवून बसायची सवय नाही. "धुक्यातनं म्या महाबळेश्वरचा घाट उतरलोय, लाइट न्हवती तवा. तू कसली वाट बघतीयास?" असं त्यांनी मला तीनदा विचारलं. मी तीनदा सांगितलं की घाटात खाली डांबर असतं. मायकल कुबड्या टेकवत अंगणात गेला, पुन्हा एकदा मापक पाहून आला आणि वहीत लिहिलं: तीन मिलिमीटर. आधीचा आठवडा कोरडा होता. जमिनीचं जमण्यासारखं होतं. आता प्रश्न फक्त आकाशाचा होता.

रविवार

सकाळ अशी उजाडली की माझा तक्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिरवा. डोंगर कोरून ठेवल्यासारखा स्पष्ट. मी किल्ली घेऊन बाहेर आले तर मायकल समुद्राकडे बघत उभा होता. समोरच्या बेटावरची घरं मोजता येत होती.

"फार जवळ दिसतंय," तो म्हणाला. "बेट एवढं जवळ आलं की चारच्या आत पाऊस."

तिन्ही ॲप म्हणत होती, रात्री नऊपर्यंत कोरडं. मी मायकलचं ऐकलं. चारला पाऊस म्हणजे खांद्यावर ढग त्याच्या बराच आधी येणार. उतरायला पाऊण तास. शिवाय काही बिघडलं तर हाताशी तास हवा. मी सगळ्यांना चुलीपाशी उभं करून सांगितलं, "दीड वाजता गाडी वळवायची. कुठेही असलो तरी. भिंत समोर दिसत असली तरी." मायकलने मान हलवली. आबांनी खिडकीबाहेर बघितलं.

पुढच्या सीटवर मायकल बसला, कारण त्याचा पाय सरळ ठेवावा लागत होता. आबांना मागे बसावं लागलं. आयुष्यात कधी ते जीपमध्ये मागे बसले नव्हते, आणि हे त्यांनी पहिलं फाटक येईपर्यंत मला दोनदा ऐकवलं. फाटकाशी थांबून मी टायरमधली हवा कमी केली, म्हणजे चाक पसरतं आणि जमिनीला कमी टोचतं. मग सगळ्यात खालचा गिअर टाकून चालत्या माणसाच्या वेगाने निघालो.

वाट छान होती. सुरुवातीला दोन्ही बाजूंच्या खालच्या शेतांत पाठीवर निळा रंग फासलेल्या मायकलच्या मेंढ्या, काही लाल रंगाच्या शेजाऱ्याच्या. मायकल एकेकीची जन्मकुंडली सांगत होता. अर्ध्यावर मात्र पावसाने वाट खाल्ली होती. उतरून दगड भरावे लागले आणि त्यात तास गेला. खांद्यावर पोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. भिंत अजून वरच्या कडेला, दोन-अडीचशे पावलांवर. मधे जमिनीचा एक पट्टा चमकत होता. ओल.

मी उतरून पाहिलं. इकडून तिकडून वाट शोधली. सापडली नाही. गाडीत येऊन बसले तेव्हा घड्याळात एक पंचवीस.

"दाब, सुजे!" मागून आबा. "येकदा घातलीस की पार हुईल. थांबू नगंस!"

मायकलला शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला. तो समोर बघत होता. तिथून भिंतीची एक बाजू दिसत होती, पडलेली बाजू दिसत नव्हती. एवढ्या जवळ येऊन त्याला तेवढंच दिसत नव्हतं. ज्या माणसाने मला स्टिअरिंग धरायला शिकवलं तो मागून सांगत होता की दाब, आणि माझा पायही तेच म्हणत होता.

मी गाडी मागे घेतली आणि वळवली.

"ग्रँड," मायकल म्हणाला. "खूप आलो." पण खाली फाटकापर्यंत त्याने एकाही मेंढीबद्दल काही सांगितलं नाही. सव्वादोनला आम्ही फाटक लावलं आणि मागे वळून पाहिलं तर खांदा नव्हता. पावणेतीनला पाऊस आला. मायकलने चारच्या आत म्हटलं होतं, ॲपने नऊनंतर. मी बरोबर होते, पण ते सांगायला त्या घरात कुणी श्रोता नव्हता.

पाऊस अर्ध्या तासात ओसरला. चहा झाल्यावर मायकलने दारामागची लांब काठी काढली, जवळजवळ त्याच्या उंचीची, आणि आबांना खूण करून बाहेर नेलं. घरामागे जिथे पीट खणतात तिथे ते दोघं उभे राहिले, एक कुबड्यांवर आणि एक कमरेवर हात ठेवून. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. मायकलने काठी आबांच्या हातात दिली आणि जमिनीकडे बोट केलं. आबांनी ती रोवली. काठी गेली. अजून दाबली, अजून गेली. शेवटी त्यांची मूठ गवताला टेकली.

आबांनी काठी उपसली. मग दुसऱ्या जागी रोवून पाहिलं, मग तिसऱ्या.

आत आले ते थेट माझ्यापाशी. "तळच न्हाय की गं."

"नाही आबा."

"म्या सांगितलं तसं दाबलं असतंस तर?"

"मागच्या वर्षी दाबलं होतं. खिडकीतून बाहेर पडले."

ही गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नव्हती. त्यांनी हनुवटी चोळली. "उद्याला ही काठी घिऊन म्या म्होरं चालणार," ते म्हणाले आणि ब्रीडाकडे बूट मागायला गेले.

सोमवार

मापकात दोन मिलिमीटर. रात्रभर वारा वाहिला होता आणि पहाटे पडला होता. बेट लांब आणि धुरकट होतं, तेव्हा मायकल खूश. दुपारनंतर पुन्हा ढग येणार हे नक्की, म्हणून वेळ तीच. दीड वाजता वळायचं. सकाळी खांद्यावरचा ढग उठेना. दहा वाजून गेल्यावर उठला आणि आम्ही निघालो. ब्रीडा फाटकाशी आली. मायकलच्या गुडघ्यांवर घोंगडी टाकत मला म्हणाली, "मला मेंढ्यांचा राग नाही ग. हा वर जाऊन पुन्हा पडला तर उचलायला मी एकटी आहे." तिचं म्हणणंही खोटं नव्हतं.

कालचे दगड जागच्या जागी होते, त्यामुळे खांद्यावर साडेअकरालाच पोचलो. ओलीपाशी मी गाडी थांबवली. आबा ब्रीडाच्या थोरल्या भावाचे गमबूट घालून, काठी घेऊन उतरले. मायकलने खिडकीतून शिकवणी घेतली आणि मी भाषांतर केलं: काळपट जांभळं झुडूप दिसेल तिथे पाय टाका. कापसासारखे पांढरे तुरे डोलतात तिथे सांभाळून. आणि सगळ्यात हिरवं, सगळ्यात ताजं दिसेल तिथे अजिबात नको.

"हिरवं बघून जायचं न्हाय?" आबा म्हणाले. "आमच्याकडं तर जनावर हिरव्याकडंच वळवत्यात. उलटाच न्याय."

पण ते वळसा घेत गेले. काठी रोवायची, दाबायची, मान हलवायची, दोन पावलं बाजूला, पुन्हा रोवायची. सरळ रेषेत दोनशे पावलांची वाट त्यांनी चारशेची केली. मग माझ्याकडे तोंड करून उभे राहिले, हात वर केला आणि उलटं चालत ओरडायला लागले, "येऊ दे... येऊ दे... येऊ दे... डावी मार... येऊ दे..."

घाटात, गल्लीत, कुठल्याही अवघड जागी गाडी काढताना आपल्याकडे उमटणारी ती आरोळी. अटलांटिकच्या वाऱ्यात ती ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. गाडीखालची जमीन हलत होती. बसल्या जागी कळत होतं, गादीवरून चालल्यासारखं. ॲक्सिलरेटरला मी पाय लावला नाही. इंजिन आपल्या चालीने ओढत होतं. एकदा मागचं चाक किंचित घसरलं. माझा पाय जुन्या सवयीने खाली जायला निघाला आणि त्याच क्षणी आबा ओरडले, "दाबू नगंस! र्‍हाऊ दे तशीच!" मी पाय उचलला. गाडी रेंगाळली, सावरली, पुढे आली. मायकलने सीटच्या कडेची मूठ सोडली.

बारा वाजून वीस मिनिटांनी आम्ही भिंतीपाशी होतो.

मायकलला उतरवायला दोघांना धरावं लागलं. तो कुबड्यांवर भिंतीच्या कडेकडेने चालत गेला. भिंत शेजाऱ्यांनी सांगितली तशी सबंध पडली नव्हती. दोन खिंडारं होती. एक हातभर, एक बैलगाडी जाईल एवढं. दगड तिथेच खाली पसरलेले. त्याने शाबूत भागावर हात ठेवला. मी आणि आबा लांब थांबलो.

मग तो वाकायला गेला. एक दगड उचलायचा होता. जमलं नाही. पुन्हा गेला, तेव्हा मी धावले. तोवर आबा पुढे झाले होते. त्यांनी तो दगड उचलला, फिरवून पाहिला आणि बसवला. मायकलने मान हलवली, कुबडीने दुसरा दाखवला. आबांनी तो नाकारला आणि तिसरा घेतला. मायकलने त्या तिसऱ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा हसला.

चुना-मातीशिवाय नुसते दगड रचून केलेल्या भिंतीला आमच्या गावी गडगा म्हणतात. आबांचं लहानपण गडगे रचण्यात गेलेलं. मोठा दगड आडवा, त्याच्या पोटात चीप, म्हणजे दगडाची कपची, जोडावर जोड येऊ द्यायचा नाही. मायकलच्या वडिलांची रीत अगदी तीच निघाली. मी भाषांतराला उभी होते, पण माझं कुणाला कामच पडलं नाही. एक कुबडीने दाखवत होता, दुसरा कधी ऐकत होता, कधी "ह्यो न्हाय चालायचा, मायकलराव" म्हणत दगड फेकून देत होता. मी मुकाट्याने चिपा पुरवल्या.

लहान खिंडार बुजलं. मोठं गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत आलं. आबांच्या शर्टाची पाठ भिजली होती. एकाहत्तर वर्षांचा माणूस, आणि हात थांबत नव्हते. पश्चिमेला पाण्यावर एक करडी रेघ आली होती. मी घड्याळ पाहिलं. अजून अर्धा तास मिळाला असता तर भिंत छातीपर्यंत गेली असती.

"आबा, दीड वाजला."

त्यांच्या हातात दगड होता. मोठा, चांगला, नेमका त्या जागेचा. माझे वडील कुणाचं ऐकून थांबणारे नाहीत. साहेब जीपमध्ये ओरडत असताना त्यांनी नदीत गाडी घातलेली आहे. मी वादाची तयारी ठेवली होती.

आबांनी दगड खाली ठेवला. हात पँटला पुसले. "चला मायकलराव," ते म्हणाले, "डायवर बोलवतीय."

मला एवढा अभिमान आयुष्यात कधी वाटलेला नाही. नोकरी लागली तेव्हा नाही, इथे घर घेतलं तेव्हाही नाही.

उतरताना आम्ही आमच्याच चाकांच्या खुणांवरून आलो. खुणा म्हणजे नुसतं दबलेलं गवत. एकही जागा फाटली नव्हती. ढग आमच्या मागोमाग उतरत होता. फाटक लावलं तेव्हा तो अर्ध्या वाटेपर्यंत आला होता.

ब्रीडा दारातच उभी होती. "मग?"

मायकल खुर्चीपर्यंत गेला, बसला, पाय सरळ केला. "दोन खिंडारं होती. एक बुजलं. दुसऱ्यावर तारेच्या दोन ओळी मारल्या की उन्हाळा निघेल. मेंढ्या गुरुवारी वर जातील. त्या व्यापाऱ्याला मी फोन करतो."

ब्रीडाने किटली चुलीवर आपटली. "आणि वर जाऊन बघणार कोण? तू?"

"मी नाही." त्याने माझ्याकडे बोट केलं. "महिन्यातून एकदा ही. तार मारायला तिच्या ऑफिसातला माझा भाचाही येईल तिच्याबरोबर. जमीन हो म्हणेल तेव्हा."

मला त्याने विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं.

ब्रीडा आमच्याकडे पाठ करून पाव कापायला लागली. मग वळली, सगळ्यात जाड तुकडा आबांच्या ताटात ठेवला आणि ठेच्याची बाटली त्यांच्यापुढे सरकवली.

"काय ठरलं?" आबांनी मला हळूच विचारलं.

"मेंढ्या गुरुवारी वर जाणार."

"जाणारच की," आबा लोणी लावत म्हणाले. "गडगा म्या रचलाय, आन गाडी माझ्या पोरीनं घातलीया."